गुलाबाईचा मुक्काम

सुपडूने चिमटीने नाक ओढून काढलं की तारा अंगठा लावून ते चपटं करी. त्याने पुन्हा काढलं, तिने पुन्हा दाबलं. शेवटी त्याने मातीचे हात गुडघ्यावर ठेवले आणि चार वर्षांच्या नातीकडे पाहिलं.

"अगं, गुलाबाईला नाक नको का? खाऊचा वास कसा घेईल ती?"

"बहु मोटुं छे," तारा म्हणाली. चलथाणच्या तिच्या बालमंदिरात सगळा कारभार गुजरातीत. मराठी तिला कळे, पण उत्तर यायचं ते गुजरातीतच.

"मोठं तर मोठं. खानदेशची बाई आहे, तिचं नाक मोठंच असायचं."

हे ताराला पटलं असावं. तिने नाक सोडलं आणि पोटाकडे वळली.

कालच गणपती गेले होते. सुरतेत, बमरोलीच्या नाक्यावर मूर्ती करणाऱ्यांचा मांडव उठत होता, तिथून सुपडूने उरलेल्या शाडूचा गोळा मागून आणला होता. आज भाद्रपदातली पौर्णिमा, गुलाबाई बसायचा दिवस. गुलाबाई म्हणजे पार्वतीच, महिन्याभरासाठी माहेरी आलेली. सोबत तिचे यजमान गुलोजी. दोघांना एका पाटावर बसवायचं, रोज संध्याकाळी पोरींनी जमून गाणी म्हणायची, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा आणि कोजागिरीला ओटी भरून गुलाबाईला सासरी लावून द्यायचं. अमळनेरच्या बाजूला, बोरी नदीच्या काठच्या त्याच्या गावात घरोघर हे चाले. पण ते बायकापोरींचं राज्य. लहानपणी तो एकदा डब्यातला खाऊ बघायला घुसला होता, तर पोरींनी त्याला गुलोजी म्हणून पाटावर बसवलं आणि सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही. आणि आता चौसष्टाव्या वर्षी, डाईंग मिलमधून सुटल्यावर, तोच सुपडू मांडी घालून गुलाबाईला नाक लावत बसला होता. दैवाला थट्टा करायची झाली की ते माणसाचं वय बघत नाही.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत, ती असेतोवर, हे काम त्याच्या बायकोचं, भागीरथीचं होतं. याच खोलीत, याच कोपऱ्यात ती गुलाबाई बसवायची. गावाकडे ज्वारीच्या ताटांचा मखर करत. इथे कुठली ताटं? भागीरथीने त्यावर तोड काढली होती. कापडाच्या रोलच्या आत असतात ती पुठ्ठ्याची नळकांडी ती मार्केटमधून मागून आणायची, चार बाजूंना चार उभी करायची, वर जुन्या साडीचा काठ. चाळीतल्या बायका घरी साड्यांना खडे लावायचं काम करत. त्यांच्याकडचे सांडलेले खडे वेचून पोरी गुलाबाईला दागिने करत. त्यांची छोटी लेक हर्षदा तर एका वर्षी स्वतःच्या कपाळाला, गालांना, कानांना खडे चिकटवून बसली होती. ते काढताना भागीरथीने तिला रॉकेल लावलं आणि दोघी रडून, मग हसून बेजार झाल्या. सुपडू तेव्हा दुसऱ्या पाळीहून येऊन दारातच उभा होता. ते हसू त्याला आजही स्पष्ट ऐकू येई.

"तुझी आजी गुलाबाईच्या पोटात ज्वारीचा दाणा ठेवायची," तो ताराला म्हणाला. "सासरी जाताना पोट भरलेलं पाहिजे म्हणून."

ताराने विचार केला, आत गेली आणि बिस्किटाचा तुकडा घेऊन आली. गुलाबाईच्या पोटात बिस्कीट गेलं. गुलोजी मात्र तिने एकटीने केला, आबाला हात लावू दिला नाही. मोठ्या गोळ्यावर लहान गोळा आणि डोळ्यांच्या जागी दोन मिरे. मान नव्हतीच, त्यामुळे गुलोजी कायम रुसल्यासारखा दिसे.

हर्षदा ओट्याशी पोळ्या लाटत होती. ती गौरी-गणपतीत आली होती. "थोडे दिवस राहते," एवढंच म्हणाली. सोबत दोन पिशव्या होत्या. त्यांतली एक आत ठेवताना सुपडूला वरच ताराचा लोकरी स्वेटर दिसला. भाद्रपदाच्या त्या उकाड्यात त्याने स्वेटर पाहिला, पिशवी बंद केली आणि ठेवून दिली.

माहेरी आलेल्या लेकीला 'किती दिवस राहशील' असं विचारायचं नसतं. विचारलं की त्याचा अर्थ 'कधी जाशील' असा होतो. त्यामुळे सुपडूने विचारलं नाही, आणि हर्षदाने सांगितलं नाही. भागीरथी असती तर भाजी निवडता निवडता तिने पोरीच्या तोंडून सगळं काढून घेतलं असतं. बापाला ती कला येत नाही. बाप फार तर पोरीच्या आवडीची भाजी आणतो, आणि तिने न खाता ठेवली तर गप्प बसतो.

हर्षदाच्या बोलण्यात मात्र काहीतरी हरवलं होतं. ती त्याच्याशी शाळेतल्या बाईंसारखं नीट, मोजकं मराठी बोले. जावई नरेंद्र चलथाणच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात होता. लग्नानंतर पहिल्या दिवाळीलाच त्याने सासऱ्याला हसत सांगितलं होतं, "मामा, ते गावठी बोलणं आमच्याकडे चालत नाही. पोरं झाल्यावर तर मुळीच नको." तेव्हापासून सुपडूही ताराशी जमेल तितकं शुद्ध बोले. पण हर्षदाची अहिराणी कुठे गेली, ते त्याला कळत नव्हतं. घरी फक्त बापलेक असतानाही ती नीटच बोलत होती.

पहिल्या संध्याकाळी चाळीतल्या पाच-सहा चिमण्या पोरी जमल्या. शेजारच्या शकूबाईला गाणी येत. ती भागीरथीच्या बरोबरीची, दोघींनी इथे एकत्र दिवस काढलेले. तिने गाणं धरलं. सासू, नणंद, दीर, सगळ्यांची उणीदुणी काढणारी ती लांबलचक अहिराणी गाणी. पोरींना शब्द कळत नव्हते, त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. हर्षदा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडू उठला तर पाटावर गुलाबाई एकटीच. गुलोजी खिडकीच्या कट्ट्यावर, रुसक्या तोंडाने रस्त्यावरची रहदारी बघत बसलेला. सुपडूला हसू आलं. त्याने गुलोजीला उचलून पाटावर, बायकोच्या शेजारी आणून ठेवलं.

"तारा, नवरा-बायकोला असं लांब बसवायचं नसतं."

"में नथी मूक्यो," तारा दुधाच्या कपातून म्हणाली.

"मग काय चालत गेला?"

ताराने कपात पुन्हा तोंड घातलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. सुपडूला वाटलं, पोरीला गंमत वाटते आहे, तर वाटू दे. तो रोज गुलोजीला आणून बसवी आणि म्हणे, "चला जावईबापू, जागेवर." पितरांचा पंधरवडा असाच गेला. नवमीला त्याने भागीरथीच्या नावाने पान वाढलं, हर्षदाने तिच्या आवडीची कढी केली. त्या संध्याकाळी गाण्यांच्या वेळी शकूबाई एका कडव्याला अडली. वय झालं, आठवेना. पोरी टाळ्या धरून थांबल्या. आणि कोपऱ्यातून हर्षदाने ते कडवं उचललं. आधी हलक्या आवाजात, मग भागीरथी म्हणायची तशी, शेवटचा शब्द लांबवून. सुपडू दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याने मान वळवली नाही, डोळे मात्र पुसले.

नवरात्र लागलं आणि चाळीतल्या पोरी घागरे घालून सोसायटीच्या मैदानात गरब्याला पळाल्या. गुलाबाईपुढे उरल्या दोघीच, हर्षदा आणि तारा. पण गाणी थांबली नाहीत, उलट वाढली. हर्षदाला एकेक आठवत गेलं. ती ताराच्या हातात हात देऊन गोल फिरे, तिला शब्द शिकवी. दिवसा मायलेकी मातीची चूल कर, पाटा-वरवंटा कर, गुलाबाईचा सगळा संसार उभा करत. मातीच्या चुलीवर मातीची भाकरी, तिच्यावर ताराच्या बोटांचे ठसे. तारा एकदा चक्क अहिराणीत "आबा, भाकर खाई ले" म्हणाली तेव्हा सुपडूने चमकून हर्षदाकडे पाहिलं. हर्षदा पाठमोरी होती आणि तिचे खांदे हसत होते. किती तरी वर्षांनी घराला घरपण आलं, असं त्याला वाटलं. आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. लेक का आली आहे ते ठाऊक नाही, आणि आपल्याला बरं वाटतंय!

दसऱ्याला नरेंद्रचा फोन आला. हर्षदा जेवत होती. फोनवर नाव दिसताच ती ताटावरून उठून उभी राहिली, उष्ट्या हाताने. "हो," म्हणाली. पुन्हा "हो." मग "हो, देते," म्हणून तिने फोन सुपडूकडे दिला.

"मामा, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतो मी. तिला तयार राहायला सांगा. खूप झालं माहेरपण," नरेंद्र म्हणाला. आवाज अगदी गोड.

"बरं," सुपडू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

हर्षदा पुन्हा ताटावर बसली नाही. तिने ते ताट झाकून ठेवलं. फोनवर बोलताना पोरगी उभी का राहिली, हे सुपडूच्या मनातून जाईना. मिलमध्ये सुपरवायझर आला की अशी माणसं उभी राहत.

दुसऱ्या दिवशी नळावर शकूबाईने विचारलंच.

"भाऊ, पोर कव्हय जाई ऱ्हायनी?"

"माहेरले येल पोरले आसं इचारतस का, शकूबाई?"

"मी पोरले नई इचारी ऱ्हायनू. तुमले इचारी ऱ्हायनू." तिने हंडा उचलला. "लोके बोलतस. म्हनतस, म्हताराले भाकरी करनारी सापडनी."

ते बोलणं सुपडूच्या वर्मी लागलं. कारण तीच शंका त्याच्या मनात रात्रंदिवस कुरतडत होती. पोरीला 'राहा' म्हणावं असं वाटतं ते तिच्यासाठी, की गरम भाकरीसाठी? बापाने लेकीचा चालता संसार मोडणारा शब्द काढू नये, असं भागीरथीही म्हणायची. पण 'जा' हा शब्दही त्याच्याने निघत नव्हता.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी तो नेहमीपेक्षा लवकर जागा झाला. नुसता पडून राहिला. बाहेर उजाडत होतं. हर्षदा केर काढत होती. कोपऱ्यापर्यंत आली, पाट झाडण्यासाठी तिने गुलोजीला उचललं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. केर भरून झाला. केरसुणी टेकवली. गुलोजीला परत आणायला मात्र ती गेली नाही. ती गुलाबाईपुढे उकिडवी बसली. गुलाबाईच्या गळ्यातला एक खडा निसटला होता, तो तिने थुंकी लावून नीट चिकटवला. मग गुलाबाईला पाटाच्या कडेवरून उचलून बरोबर मधोमध ठेवलं. सगळा पाट तिला दिला. आणि तशीच बसून राहिली, गुडघ्यांना मिठी मारून, लहानपणी बसायची तशी.

सुपडूने डोळे मिटून घेतले. म्हणजे तारा खरं बोलत होती. महिनाभर ही रोज त्याला दूर करत होती, आणि महिनाभर आपण रोज त्याला उचलून हिच्या शेजारी बसवत होतो. वर 'जावईबापू' म्हणत होतो, हसत होतो. पोरीने दुसऱ्या कोणत्या भाषेत सांगायचं होतं?

उठल्यावर त्याने तोंड धुतलं, चहा घेतला. खिडकीकडे गेला नाही. गुलोजी दिवसभर कट्ट्यावरच राहिला. दुपारी हर्षदाची नजर तिकडे गेली, मग बापाकडे आली. सुपडू पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, पण त्याने एक ओळही वाचली नव्हती.

तरीही कोजागिरीच्या दिवशी हर्षदाने पिशव्या भरल्या. ताराचा स्वेटर घडी करून तळाशी गेला. सुपडूने ते पाहिलं आणि त्याला समजलं. बाप गप्प आहे, म्हणजे बापाचं म्हणणं जाण्याचंच आहे, असंच ती धरून चालली आहे. दिवसभरात तो तिच्याजवळ बोलायला म्हणून गेला आणि एकदा पाण्याचा ग्लास मागून, एकदा चष्मा विचारून परत आला.

"दोन नारय आनी ठेवा, भाऊ," शकूबाईने सकाळीच बजावलं होतं. "एक गुलाबाईले, एक पोरले." कोजागिरीला गुलाबाईची ओटी भरली की पाठोपाठ माहेरी असलेल्या लेकीचीही भरायची, हा त्यांचा रिवाज. एरवी ओटी सणावारीही भरतात, पण ही ओटी निरोपाची. ती पदरात पडली की लेक निघालीच. सुपडूने मुकाट्याने दोन नारळ आणले.

संध्याकाळी पोरी आल्या. गरबा संपला होता, त्यामुळे सगळ्या हजर होत्या. ओट्यावर दूध आटत ठेवलं होतं. शकूबाईने खिडकीतला गुलोजी आणून पाटावर ठेवला. सुपडूने ठेवू दिला. देवाचं देवाजवळ. गाणी झाली. ताराने गुलाबाईच्या चुलीवरच्या भाकरी एका फडक्यात बांधून तिच्या शेजारी ठेवल्या, वाटेत खायला. शकूबाईने तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि हिरवा खण गुलाबाईपुढे ठेवून तिची ओटी भरली, हळदीकुंकू लावलं. मग दुसरा नारळ हातात घेऊन वळली.

"ये पोरी."

हर्षदा उठली. पाटाजवळ येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी पदर पसरला. मान खाली. दाराशी बसलेल्या सुपडूला तो पसरलेला पदर तिथूनही दिसला. शकूबाईने तांदळाची ओंजळ भरून घेतली.

"तिनी ओटी ऱ्हाऊ दे, शकूबाई."

शकूबाईची ओंजळ तशीच थांबली. सवाष्णीची ओटी भरू नको असं कुणी म्हणतं का? आणि तेही सख्खा बाप? असले शब्द तोंडातून निघाले तर बायका जीभ चावतात.

"ऱ्हाऊ दे म्हंजे? सवाशीन शे ती, भाऊ."

"शे ना." सुपडू उठून उभा राहिला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येत नव्हता, पण शब्द सरळ येत होते. "पन औंदा नको. ती कोठेच जाई नई ऱ्हायनी. पुढला सालले भरजो, तिले वाटनं तर."

शकूबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने हर्षदाकडे पाहिलं. नंतर ओंजळीतले तांदूळ सावकाश परत ताटात सोडले आणि नारळ बाजूला ठेवला.

"सकायले जवाई यी ना," ती हलकेच म्हणाली.

"येऊ दे. मी शे ना अठे."

हर्षदाने मान वर केली नव्हती. पसरलेला पदर अजून तसाच होता, रिकामा. मग तिने तो दोन्ही हातांनी गोळा करून तोंडाशी धरला. तारा तिच्याजवळ जाऊन खांद्याला चिकटली. पोरींना काय करावं कळेना, त्यांच्यातली एक गुलाबाईचे खडे मोजू लागली.

ओट्यावर दूध वर आलं. हर्षदा उठली, पदर कमरेला खोचला आणि गॅस बारीक केला. चमच्याने दूध ढवळत, भिंतीकडे तोंड करूनच ती बोलली. उद्या चंदी पडवो, कोजागिरीनंतरचा सुरतेचा सण. सगळं सुरत उद्या घारी खाणार.

"बाबा, उद्या घारी लयनी पडी. मी येस तुमनासंगे. तुमले निवडता येत नई."

"बरं," सुपडू म्हणाला, आणि पोरींना दूध द्यायला पेले मांडू लागला.